एकोणिसावी ओळ

सव्वीस वर्षं मी स्टेनरबीच्या चर्च लेनवर टपाल टाकलं. त्या गल्लीत कुणाकडे काय येतं, हे मला घरातल्यांपेक्षा जास्त ठाऊक असायचं. सात नंबरला कबुतरं पाळणाऱ्यांचं मासिक. नऊ नंबरला शेफील्डच्या मुलीचं महिन्याला एक कार्ड, तेही आईनं फोनवर रडून घेतल्यानंतर. आणि अकरा नंबरला मिस बेरिल डॅनट. तिच्या दारातली पत्रं टाकायची फट सगळ्यांत अरुंद आणि टपाल सगळ्यांत जाड. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, डर्बी. ख्रिसमसच्या आठवड्यात तर तिची वेगळी जुडी बांधून आणावी लागायची आणि फटीत कोंबताना माझी बोटं सोलून निघायची.

एवढी पत्रं येणाऱ्या बाईला केवढा गोतावळा असेल, असं मला वाटायचं. पण त्या दारातून मीटर वाचणारा सोडून दुसरं कुणी आत जाताना मी कधी पाहिलं नाही.

पार्सल असलं की दार ठोठावावं लागे. ती एप्रन काढूनच दार उघडायची. "आभारी आहे, मिस्टर पिंडर." "काही नाही, मिस डॅनट." सव्वीस वर्षांत आमचं बोलणं यापुढे सरकलं नाही. आम्ही लिंकनशायरची माणसं. आमच्यात कुणी दोन वाक्यं जास्त बोललं, तर तो प्यायलाय की काय असं वाटतं.

मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी माझी बायको जीन गेली. डॉक्टर म्हणाला, घरात बसू नका. तेव्हा मी मेथडिस्ट चॅपेलच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी भरणाऱ्या वंशावळ मंडळात गेलो. पूर्वजांची मला काडीची हौस नव्हती. माझे सगळे पूर्वज याच जिल्ह्यात बीट उपटत होते, हे मला न शोधताही माहीत होतं. खोलीत हीटर असतो आणि चहाबरोबर मनुकांचा पाव मिळतो, असं कुणीतरी सांगितलं होतं, एवढंच. तर तिथे टेबलाच्या टोकाला भिंग आणि हिरवी पेन्सिल घेऊन बसलेली कोण, तर अकरा नंबर.

"उशिरा आलात, मिस्टर पिंडर," ती म्हणाली. "दहाला सुरू होतं."

"दहा वाजून तीनच मिनिटं झालीत, बाई."

"टपालाला तीन मिनिटं चालत असतील. इथं माणसं दोनशे वर्षं ताटकळत बसलीयत."

तिची गोष्ट मला त्या मंगळवारांतून तुकड्या-तुकड्यांनी कळली. बाप सिडनी डॅनट युद्धात समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या बोटीवर होता. ही तीन वर्षांची असताना ग्रिम्सबीहून निघाला, तो परत आलाच नाही. आईनं नंतर नवऱ्याच्या माणसांचं नाव घरात काढू दिलं नाही. का, ते कधी सांगितलं नाही. काका नाही, आत्या नाही, चुलतभाऊ नाही. ख्रिसमसला दोघीच समोरासमोर बसून कोंबडीचे दोन पाय खायच्या. बेरिल शाळा सोडून बियाण्यांच्या कंपनीत लागली, पाकिटांवर नावं लिहायला, आणि तिथंच साठीला पोचली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं नाही म्हणून, की हिनं कुणाला पुरतं बोलू दिलं नाही म्हणून, ते मला माहीत नाही. आई गेली तेव्हा ही एकोणचाळीस वर्षांची होती. कपाट आवरताना बिस्किटाच्या डब्यात बापाचा जन्मदाखला सापडला. त्यावर आजोबाचं नाव होतं.

"चाळीस वर्षं मला वाटत होतं मी आभाळातून पडले," ती एकदा म्हणाली. "त्या दिवशी कळलं, मलाही आजोबा होता."

मग काय, लागलीच ती मागे. आजोबा, पणजोबा, आणि पणजोबाचा बाप विल्यम. हा विल्यम डॅनट शेतमजूर होता, १८८३ साली एकाहत्तराव्या वर्षी वारला. १८५१च्या खानेसुमारीत त्यानं आपला जन्म फेनकोटचा सांगितला होता. फेनकोट इथून चार मैल. तिथल्या चर्चच्या वहीत १८१२ सालचा बाप्तिस्मा सापडला: विल्यम, रॉबर्ट आणि सुझॅना डॅनट यांचा मुलगा. वय जुळलं, गाव जुळलं, नाव जुळलं. आणि या रॉबर्ट-सुझॅनाला आणखी पोरं होती. धाकटा हेन्री बायकोला घेऊन दक्षिण ऑस्ट्रेलियात गेला, जोसेफ कॅनडात. त्यांची नातवंडं-पतवंडं गव्हाच्या शेतांवर, दुकानांत, शाळांत पसरली होती. बेरिलनं त्यांना एकेकाला शोधून पत्रं लिहिली. ती उत्तरं पुढे मी अकरा नंबरच्या फटीतून आत कोंबत आलो.

तर अशी ती आभाळातून पडलेली बाई दीडशे माणसांच्या घरातली झाली. कोण बाळंत झालं, कुणाचा गुडघा बदलला, कुणाच्या शेतात टोळ आले, सगळं तिला पाठ. ऑस्ट्रेलियातली लॉरेल तिची सगळ्यांत लाडकी. वयानं दहा वर्षांनी लहान, अक्षर गिचमिड, आणि पत्र आठ पानांचं. लॉरेलची नातवंडं तिला "आंटी बेरिल" म्हणून चित्रं पाठवायची. ती तिनं जिन्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत लावली होती. त्यातला कांगारू कुठला आणि कुत्रा कुठला, हे तिलाच कळायचं.

मंडळात तिचा दरारा होता. जुन्या नोंदवह्या उतरवून काढायच्या, हे आमचं काम. एकानं उतरवायचं आणि दुसऱ्यानं मूळ कागदाशी एकेक अक्षर ताडून पाहायचं. ताडणारा हिरव्या पेन्सिलनं दुरुस्ती करणार. त्याशिवाय कागद फाइलला लागत नसे. माझे कागद ताडायला बेरिलकडे जायचे आणि हिरवेगार होऊन परत यायचे.

नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी एकच दम भरायची. "बाप्तिस्मा सापडला म्हणून नाचू नका. आधी दफनाची वही बघा. त्या काळी दर तीन पोरांमागे एक जात होतं. मेलेल्या पोराचं लग्न लावून त्याच्या वंशात स्वतःला चिकटवून घेणारे महाभाग मी खूप बघितलेत. आधी पुरा, मग लग्न लावा."

हसू यायचं. पण ती हसायची नाही.

आणखी एक खोड होती तिची. मृत्यूचा दाखला हातात आला, की सगळे मेलेल्याचं नाव बघतात, रोग बघतात. ही सरळ शेवटच्या रकान्यांकडे जायची. खबर कुणी दिली, आणि त्याचं मेलेल्याशी नातं काय.

"मुलगा, मुलगी, पुतण्या असेल तर बरं," ती मला सांगत होती. तोवर आम्ही एकमेकांना नावानं हाक मारायला लागलो होतो, त्याला तीन वर्षं गेली. "नातेवाईक नसेल, तर बघायचं 'मृत्यूसमयी हजर' लिहिलंय का. म्हणजे शेजारीण का होईना, कुणी हात धरायला होतं. आणि तेही नसेल, तर लिहितात 'दफन करवणारा'. म्हणजे कुणीच नव्हतं, क्लिफ. नुसतं उचलायला कुणीतरी आलं."

असा दाखला निघाला, की ती भिंग खाली ठेवून मिनिटभर गप्प बसायची. मी म्हणायचो, "बेरिल, चहा गार होतोय." ती म्हणायची, "होऊ दे."

२००८ साली सगळे डॅनट ऑगस्टमध्ये स्टेनरबीला जमायचं ठरलं. ऑस्ट्रेलियातून चौदा, कॅनडातून सहा, डर्बीहून तिघं. बेरिल सत्तरीची झाली होती, आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या घरी माणसं येणार होती. जानेवारीपासून ती वेडीच झाली. भिंतीला चिकटवायच्या कागदाची अख्खी गुंडाळी आणून तिनं त्यावर वंशावळ काढायला घेतली. वर रॉबर्ट आणि सुझॅना, खाली दीडशे नावं, सगळी त्या बियाण्यांच्या पाकिटांवरच्या अक्षरात. एका टोकाला, थोरल्या विल्यमच्या फांदीच्या तळाशी, एकच नाव होतं: बेरिल. बाकी फांद्या भरगच्च आणि ही एक काडी. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. झाडाला आहोत ना, मग झालं.

मे महिन्यात मंडळाकडे फेनकोटच्या दफनाच्या नोंदी आल्या. आधी कुणी त्या पाहिल्याच नव्हत्या. चर्चमधली मूळ वही त्या वर्षांपुरती ओल लागून गेली होती. पण पूर्वी दर गावचा पाद्री वर्षाअखेरी बिशपकडे एक नक्कल पाठवायचा. लिंकनच्या दप्तरखान्यात ती नक्कल पडून होती. बेरिलला ते माहीत होतं. तीस वर्षं माहीत होतं. उत्तर हातात आल्यावर ती मागायला गेली नाही, इतकंच. जगाला दम भरणारी बाई स्वतःच्या विल्यमपाशी आली आणि त्याला पुरलंय का ते बघायचं विसरली. विसरली, की पाहावंसं वाटलं नाही, कोण सांगणार.

ते पान माझ्या वाट्याला आलं. सन १८१३, फेनकोट, एकूण दफनं एकोणीस. चौथी ओळ होती: विल्यम, रॉबर्ट आणि सुझॅना डॅनट यांचा मुलगा, वय सात महिने.

मी चष्मा पुसून परत वाचलं. हा पोरगा सात महिन्यांचा असताना गेला, तर १८८३ला मेलेला म्हातारा दुसराच कुणीतरी होता. मग बेरिल रॉबर्टची कुणी नव्हती. लॉरेलची कुणी नव्हती. जिन्याच्या भिंतीवरच्या कांगारूंची आंटी नव्हती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती कुणाला तरी सांगत होती, "हॅस्लेट किती लागेल गं तेवीस माणसांना? डुकराचं मांस न खाणारे असतील का त्यांच्यात?"

मी काय केलं ते सांगतो. मी अठरा ओळी उतरवल्या आणि कागद तिच्या ट्रेमध्ये टाकला. सव्वीस वर्षं टपाल टाकलेला माणूस मी. कुणाचं एक कार्ड गहाळ केलं नव्हतं. तो पहिला कागद मी दाबला. आणि तोही कसला मूर्ख, तिच्याच ट्रेमध्ये टाकून. मनात म्हटलं, सध्या ती जेवणावळीच्या धांदलीत आहे, वरवर बघेल.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या खणात मात्र कागद परत आला होता. तिसऱ्या आणि पाचव्या नोंदीच्या मधल्या जागेत, हिरव्या पेन्सिलनं, एकही अक्षर न थरथरता, ती ओळ लिहिली होती. बाजूला नेहमीसारखं: "एक नोंद सुटली. ताडणारी: बे. डॅ."

मी तडक अकरा नंबरला गेलो. एवढ्या वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता.

"पाय पूस," ती म्हणाली. "चहा टाकलाय. साखर दोनच ना अजून?"

"दोन. बेरिल, ऐक—"

"आधी बस." तिनं कप समोर ठेवला. "डोळ्यांचा नंबर वाढलाय का तुझा?"

"नाही."

"मग एकोणीस ओळींच्या अठरा कशा झाल्या?"

"सुटली असेल."

"क्लिफ पिंडर, या गल्लीत तू एक पत्र कधी चुकीच्या दारात टाकलं नाहीस. मला येडी समजू नकोस."

मग मीही चिडलो. "हो, गाळली! मुद्दाम गाळली. काय बिघडलं असतं? त्या पोराला जाऊन दोनशे वर्षं होत आली. त्याला काय फरक पडतोय?"

बाहेर कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेत होतं.

"सात महिने मिळाले त्याला," ती म्हणाली. "चालायलाही शिकला नसेल. जगात त्याच्या नावावर दोनच ओळी आहेत, आला आणि गेला. आणि मी काय केलं बघ. त्याच्या मढ्याला सत्तर वर्षं शेतात राबवलं. त्याचं लग्न लावलं, नऊ पोरं झाली म्हणून सांगितलं. का, तर मला माणसं हवी होती. आता निदान पुरू दे रे त्याला."

"मग पूर. पण ऑगस्ट होऊन जाऊ दे. त्यांना कळतंय काय? लॉरेलला गहू कळतो, नोंदवह्या नाही कळत."

"मला कळतात ना."

थुंकी तपासून नाती सांगायचं खूळ तेव्हा आमच्याकडे पोचलं नव्हतं. जे काय ते कागदावर. तिनं अजून एक आशा धरली होती, ती मला दिसत होती. त्या काळी पोर गेलं, की पुढच्या पोराला तेच नाव द्यायची रीत होती. रॉबर्ट-सुझॅनाला पुढे दुसरा विल्यम झाला असला, तर सगळं परत जागेवर बसणार होतं. तीन आठवडे ती बसनं लिंकनला गेली, डबा घेऊन. मीही दोनदा गेलो. शार्लट सापडली, हेन्री, जोसेफ, मग जुळ्या मुली. दुसरा विल्यम नव्हता. रॉबर्टनं ते नाव परत कुणालाच दिलं नव्हतं.

"जीव लागला असेल त्याचा," परतीच्या बसमध्ये बेरिल म्हणाली. "म्हणून नाही दिलं." आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली. स्टेनरबी येईपर्यंत मला तिचा चेहरा दिसला नाही. मला तेव्हा तिचा हात धरावासा वाटला होता. धरला नाही.

ऑगस्टमध्ये ते आले. चॅपेलचा हॉल भरून गेला. उन्हानं रापलेली, मोठ्यानं हसणारी, भेटल्याबरोबर मिठ्या मारणारी माणसं. बेरिलला मिठीत हात कुठे ठेवायचे कळत नव्हतं. लॉरेल तर तिचे गालच ओढत होती. "अगं, किती बारीक आहेस! पत्रात किती जाडजूड वाटतेस!" सगळे हसले. बेरिलही हसली. मनुकांचे पाव कापले गेले, हॅस्लेट संपलं, आणि मग कुणीतरी ओरडलं, "झाड दाखवा, झाड!"

चार टेबलं जोडून तिनं गुंडाळी उलगडली. जुनी नव्हे, तिनं सगळी नव्यानं काढली होती. दीडशे नावं परत लिहिली होती. माणसं आपापली नावं शोधायला कागदावर ओणवी झाली. लॉरेलचं बोट सगळ्या फांद्यांवरून फिरलं, वर गेलं, परत खाली आलं.

"बेरिल, तू कुठेयस गं?"

"मी नाहीये यात," बेरिल म्हणाली.

आणि तिनं उभ्यानं, बियाण्यांचा भाव सांगावा तशा आवाजात, सगळं सांगितलं. विल्यमच्या नावापुढे १८१२ आणि १८१३ लिहून तिनं खाली आडवी रेघ मारली होती. ती रेघ तिनं बोटानं दाखवली. "चूक माझी आहे. एकतीस वर्षं तुमचा वेळ घेतला, त्याबद्दल माफी मागते."

मग लॉरेल उठली आणि तिला कवेत घेतलं. "कागदाचं काय घेऊन बसलीस! तू आमचीच आहेस." टाळ्या वाजल्या. दोन बायका रडल्या. खरं सांगतो, त्यात काही नाटक नव्हतं. त्या क्षणी त्यांना तसंच वाटत होतं. दुसरं वाटायची वेळ अजून यायची होती.

दुपारी सगळे फेनकोटच्या चर्चला गेले. फोटो काढणारा शिडीवर चढून म्हणाला, "चला, फक्त डॅनट मंडळी!" बिचाऱ्याला काय माहीत. बेरिल दुसऱ्या रांगेत उभी होती. तिचंही नाव डॅनटच. तरी ती बाहेर आली आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"ये ना गं!" लॉरेल ओरडली.

"तुम्ही काढा. पर्सा मी धरते."

सहा पर्सा होत्या. तिनं तीन धरल्या, मी तीन.

त्या वर्षी ख्रिसमसला चर्च लेनचं टपाल माझ्या जागी लागलेला गडी टाकत होता. मी त्याला सहज विचारलं. म्हणाला, अकरा नंबरला बरीच कार्डं होती. पुढच्या वर्षी विचारलं, तर म्हणाला, वेगळी जुडी बांधावी लागत नाही आता. तिसऱ्या वर्षी मी विचारलं नाही. कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही. भांडण नाही, टोमणा नाही. गुडघा बदलल्याची बातमी कुणाला कळवायची, याच्या यादीतून माणसाचं नाव हळूच गळतं, तसं झालं. लॉरेल त्यातल्या त्यात टिकली. पण तिच्या पत्रात पूर्वी "आपला हेन्री" असायचा, तो आता "आमचा हेन्री" झाला होता. मग पत्राऐवजी घरातल्या सगळ्यांच्या बातम्यांचा एक छापील कागद येऊ लागला, जो सगळ्यांनाच जातो. मग तोही नाही.

जिन्यावरची चित्रं बेरिलनं काढली नाहीत. "भिंतीला भोकं दिसतील," म्हणाली.

ती मंगळवारी येत राहिली. दम भरत राहिली. स्वतःसाठी तिनं एक नवं पान घेतलं आणि त्यावर लिहिलं: विल्यम डॅनट, जन्म सुमारे १८१२, आईबाप माहीत नाहीत. आजूबाजूच्या चाळीस गावांच्या वह्या तिनं पालथ्या घातल्या. कुठून तरी उचलून फेनकोटमध्ये वाढवलेलं पोर असेल, असं तिला वाटायचं. आपलं गाव हेच, असं त्याला कुणीतरी सांगितलं असेल आणि तो आयुष्यभर तेच सांगत राहिला असेल. आईबापांची जागा शेवटपर्यंत कोरी राहिली.

एकदा चहा पिताना मी म्हटलं, "बेरिल, लग्न करून टाकू या का आपण? निदान माझ्या पानावर तरी येशील."

ती एवढी हसली, की भिंग पुसावं लागलं. "क्लिफ, पंचाहत्तरीला नवरा म्हणजे ताडायला आणखी एक कागद."

मीही हसलो. थट्टेतच काढलं होतं ना. खोटं कशाला बोलू, थट्टेत काढलं नव्हतं. तिलाही ते कळलं असावं, कारण त्या दिवशी तिनं माझ्या चहात न विचारता साखर घातली. मी परत विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आमच्याकडे माणसं दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

चार वर्षांनी, फेब्रुवारीत, तिला छातीचं दुखणं झालं. हॉस्पिटल तीस मैलांवर. मी रोज पहिल्या बसनं जायचो आणि शेवटच्या बसनं यायचो. तिचा आवाज गेला होता, पण भिंग उशाशी होतं. मी वर्तमानपत्रातल्या मरणाच्या बातम्या वाचून दाखवायचो, ती बोट वर करून वय चुकलंय म्हणून खुणावायची. नवव्या दिवशी रस्त्यावर बर्फ होता आणि बस वीस मिनिटं उशिरा पोचली. नर्स दारातच भेटली. म्हणाली, "आत्ताच गेल्या हो. एकट्याच होत्या. झोपेतच गेल्या."

वीस मिनिटं. चष्मा काढून मी बाकावर बसलो आणि पहिल्यांदा आठवला तो तिचा शेवटचा रकाना. बस वेळेवर आली असती, तर लिहिता आलं असतं: मृत्यूसमयी हजर.

लॉरेलला मी तार केल्यासारखं त्रोटक पत्र टाकलं. तिचं कार्ड आलं, फुलांचं, नीटस. अंत्यविधीला मंडळातले सात जण होतो. तिला आईशेजारी ठेवलं.

त्याआधी नोंदणी कचेरीत जावं लागलं. अधिकारी बाई तरुण होती, स्वभावानं गोड. मृताचं नाव, जन्म, धंदा. धंद्याच्या जागी मी सांगितलं, बियाणं कंपनीत कारकून, निवृत्त. मग तिनं विचारलं, "आणि आपलं नातं काय, मिस्टर पिंडर?"

बाईला वाटलं मला ऐकू आलं नाही. "भाऊ? चुलतभाऊ?"

चुलतभाऊ म्हटलं असतं, तर तिनं काही ताडून बघितलं नसतं. तिच्याकडे हिरवी पेन्सिल नव्हती. शंभर वर्षांनी कुणीतरी तो दाखला उघडला असता, शेवटचा रकाना बघितला असता आणि म्हटलं असतं, चला, हिला कुणीतरी होतं. जिभेवर आलं होतं माझ्या. पण एकदा मी एक ओळ गाळली होती, आणि ती कुणी भरली होती, ते मला आठवलं.

"नातं काही नाही," मी म्हटलं. "तिचं मीच करतोय सगळं."

"मग असं लिहावं लागेल," बाई जरा अवघडून म्हणाली आणि टाइप करून पडदा माझ्याकडे वळवला. "एकदा वाचून बघा. चुकलं असेल तर आत्ताच सांगा, नंतर बदलता येत नाही."

मी वाचलं. मग परत पहिल्यापासून, एकेक अक्षर, ती ताडायची तसं वाचलं. क्लिफर्ड पिंडर, दफन करवणारा. कुठेच चूक नव्हती. मी मिनिटभर गप्प बसलो. बाईनं घाई केली नाही. मग मी सही केली.